सत्तावीस लिटरची तूट

सोमवार, २१ एप्रिल

हातांना अजून वास येतोय. घाम, शेण आणि ती चमकी. तीनदा साबण लावला. चमकी नखांत तशीच.

दुपारी एकला फोन आलेला. कल्याणहून, काशीभाऊ म्हणून. वरातीच्या घोड्या भाड्याने देतात, खाडीच्या अंगाला तबेला. मी त्यांना ओळखत नव्हते. नंबर कागदावरून मिळाला म्हणाले. कुठला कागद, ते मी विचारलं नाही. "घोरी परली मॅडम. सकाली डाक्तर येऊन सुई मारून, बाटली लावून गेला. तरी उठं नाय." क्लिनिकमध्ये एक लॅब्राडोर कान दाखवायला बसलेला. त्याला उद्या बोलावलं आणि डोंबिवलीहून निघाले.

मैना नाव. पांढरी, नऊ-दहा वर्षांची. काल रविवारी दुपारी चारपासून ओळीने चार वराती. शेवटची आटपून डांबरावरून चालत घरी. पाणी दाखवलं तर तोंड फिरवलं, म्हणून सगळ्यांना वाटलं तहान नाही. घोड्याच्या घामातून मीठही जातं. अंगातलं पाणी संपत आलं तरी मेंदूला तहान कळत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि पिढीजात घोड्या पाळणाऱ्या माणसाला आजवर एकाही डॉक्टरने सांगितलेली नाही.

पत्र्याखाली आडवी पडलेली. कपाळावर कालचा गोंडा, खुरांना सोनेरी रंग, खोगिराच्या जागी दोन जखमा. जखमांवर हळद आणि हळदीवर चमकी. माशा. मी तिथेच मान फिरवली. जखमांमुळे नाही, जखमा रोज बघते. कुणीतरी त्या चकचकीत केल्या होत्या म्हणून.

नाडी ७६, चाळीसच्या आत हवी. हिरड्या कोरड्या, चिकट, विटकरी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, पाच सेकंद तशीच उभी राहिली. आणि वाशाला लटकलेली रिकामी बाटली, तळाला पिवळं पाणी. देवस्थळी सरांची बाटली. ओळखलीच मी. ठाण्यात खोपटला त्यांच्या दवाखान्यात दोन वर्षं काढलीत, अशा शेकडो लावल्यात. साखरेचं सलाइन, त्यात बी-कॉम्प्लेक्स टाकलं की पिवळं होतं. मालकाला वाटतं ताकद चालली आत. अर्धा लिटर.

काशीभाऊ वजन सांगत होते साडेचारशे. टेप लावला. छातीचा घेर १६०, लांबी १४२. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११८८०. ३०६ किलो.
तूट ९ टक्के धरली. साडेसत्तावीस लिटर.
रोजची गरज किलोमागे ६० मिली. साडेअठरा.
म्हणजे पहिल्या चोवीस तासांत ४६ लिटर. अर्ध्या लिटरच्या ब्याण्णव बाटल्या. सरांनी एक लावली आणि, काशीभाऊ सांगत होते, मीटिंग आहे म्हणून गेले.

आकडा ऐकून काशीभाऊ हसले. "मॅडम, ब्यान्नव? हत्तीला लावताव काय?" त्यांच्या पत्नी, भारती वहिनी, हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मंग आनायच्या कुठून?"

माझ्याकडे चौदा. कल्याणच्या चार दुकानांत मिळून तीस. उरलेल्यांसाठी काशीभाऊ स्कूटरवर खोपटच्या होलसेलवाल्याकडे. येताना शीळफाट्याला तासभर अडकले. तोपर्यंत मानेच्या शिरेत दोन सुया, दोरीवर एका वेळी चार बाटल्या, आणि बाटल्या बदलायला वहिनी. एकदा दाखवलं तेवढ्यावर शिकल्या. शिवाय नाकातून पोटात नळी घालून सहा लिटर मिठाचं पाणी.

सहा वाजता मैना मुतली. काळ्या चहाच्या रंगाचं. वहिनींना बरं वाटलं. मला नाही.


मंगळवार, २२ एप्रिल

उभी आहे. सकाळी सातला गेले तेव्हा चारी पायांवर. नाडी ५२.

रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. क्रिएटिनिन ५.२. हा मूत्रपिंडाचा आकडा, दोनच्या आत हवा. नुसत्या उन्हाने आणि घामाने इतका चढेल असं वाटेना. म्हणून पाय बघितले. पुढचा उजवा, गुडघ्याखाली, मागच्या बाजूची कंडरा सुजलेली. जुनी सूज. वरातीत पायांना झालरीच्या पट्ट्या बांधतात, त्यात झाकलेली.

"हा कधीपासून?"
काशीभाऊंनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी देवळीतून पुड्या काढून आणून दिल्या. दुखणं मारायची पावडर, गुळात घालून, दिवसाला दोन. पंधरा दिवस. ती पावडर पाणी कमी असलेल्या जनावराच्या मूत्रपिंडाला काय करते ते या आकड्यात दिसतंय.

मी बोलले त्यांना. वाईट बोलले. लंगडणारं जनावर पावडर खायला घालून नाचवायचं, वर त्याला चमकी लावायची, असं काहीतरी. ते खाली बघत होते. मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि त्याची शिसारी येत होती. त्याचं कारण लिहीन. आज नको.

तेवढ्यात बँडचा काँट्रॅक्टर मोटरसायकलवर. तंबाखू थुंकला, तो थेट मैनेच्या गवताशेजारी. "अक्षय तृतीयेला चार आहेत आपल्या. उभी राहिली म्हणजे झालं ना मॅडम? नाचायचं नाय, नुसतं चालायचं." मी म्हटलं ही या सीझनला दाराबाहेर जाणार नाही. तो काशीभाऊंना म्हणाला, "मग दुसरी बघून ठेव पांढरी." आणि गेला. मैनेकडे बघितलंसुद्धा नाही. बाकीच्या पाच बांधलेल्या, त्यांच्याकडेही नाही.

पुढचा हिशोब: मूत्रपिंड धुऊन काढायचं तर रोजच्या गरजेच्या दुप्पट. ३६ लिटर. वीस शिरेतून, सोळा पोटातून.


बुधवार, २३ एप्रिल

तीन दिवस लिहायचं टाळतेय. लिहून टाकते.

३१ मार्चला सरांनी चहाला बोलावलं. वरातीच्या घोड्यांना आता तंदुरुस्तीचे दाखले लागतात, सरांकडे यादी मोठी, वय झालेलं. "अर्धी तू वाट, अनुजा." सहा दाखले समोर ठेवले. तबेला कल्याण, मालक काशिनाथ अमुक. सर म्हणाले मी पाहिलेल्या आहेत. मी सहा सह्या केल्या, शिक्का मारला. बिस्किट खाता खाता. शिक्क्यात माझा नंबर आहे. काशीभाऊंना तो तिथून मिळाला.

आज क्लिनिकमध्ये माझी स्थळप्रत काढून बघितली. मैना, चौथा कागद. "चारी पाय निर्दोष." वजनाच्या रकान्यात अंदाजे ४०० किलो. सहाच्या सहा कागदांवर ४००. दोन तट्टं आहेत त्यांतली, ती अडीचशेची असतील नसतील. मी सही करताना हे वाचलं होतं का? वाचलं होतं, आणि पुढचा कागद घेतला होता.

काल त्या माणसाला त्याच्या दारात उभी राहून बोलले मी.

दुपारी जेवण गेलं नाही. आई म्हणाली उन्हाने असेल.


गुरुवार, २४ एप्रिल

क्रिएटिनिन ४.१. खातेय थोडं. लीद झाली. मूत आता फिकट.

पण रविवारचा व्हिडिओ फिरतोय. तिसऱ्या वरातीत मैना गुडघ्यावर बसली होती, नवरदेवासकट. लोक हसतायत त्यात, कुणीतरी शेपटी ओढून उठवतंय. मी दोनदा बघितला. दुसऱ्यांदा का बघितला माहीत नाही. प्राणीप्रेमींनी तक्रार केली आणि काशीभाऊंना नोटीस आली: सर्व घोड्यांचे दाखले आणि तपासणीच्या नोंदी सादर करा.

सरांचा फोन. "येऊन जा." वागळे इस्टेटच्या लॅबमध्ये नमुना देऊन तशीच खोपटला गेले. दवाखाना तसाच आहे. तीच खुर्ची, रेक्झिन फाटलेलं, बसलं की फुस्स करणारं.

सर शांत. ते नेहमीच शांत असतात. म्हणाले, "तू एवढंच लिहून दे, की एकतीस मार्चला घोडी व्यवस्थित होती आणि परवाचा प्रकार निव्वळ उष्माघाताचा. यात खोटं काय आहे?"
"मी पाहिलीच नव्हती, सर."
"मी पाहिली होती."
"कधी?"
चहा ढवळत होते. "मागच्या वर्षी."

मी वजनाचं विचारलं. ३०६ म्हटल्यावर गंमत वाटली त्यांना. टेपने मोजलंस का, म्हणाले. आम्ही चाळीस वर्षं नजरेने मोजतो.
"मग चारशे कुठून आलं, सहाही घोड्यांना?"
"रकाना रिकामा ठेवता येत नाही, अनुजा."

मी बाटलीबद्दलही बोलले. सत्तावीस लिटर हवं होतं, तुम्ही अर्धा दिलात. त्यावर मात्र ते जरा चिडले. म्हणाले, "काशिनाथला सत्तावीस लिटर सांगितलं असतं तर त्याने एकही लावू दिली नसती. मालकाला पेलेल तेवढंच सांगायचं असतं. तुला अजून कळायचंय." मी म्हटलं, त्याने ब्याण्णव लावू दिल्या, कमी पडल्या त्या स्कूटरवरून आणल्या. सरांना हे खरं वाटलं नाही बहुतेक.

निघताना म्हणाले, तुझीही सही आहे, विसरू नकोस. धमकीच्या सुरात नाही. औषध जेवणानंतर घ्या सांगतात ना, तसं. मला जिना उतरताना कठड्याला धरावंसं वाटेना, सगळं बुळबुळीत वाटत होतं. खरं तर स्वच्छ होता तो कठडा.

याच माणसाने मला गाईच्या शिरेत पहिली सुई घालायला शिकवलेलं. हात हातात धरून. तेही लिहून ठेवते.


शुक्रवार, २५ एप्रिल

सकाळचा आकडा ३.४. उतरतोय.

काशीभाऊंना सांगितलं. मी तयारी करून गेलेले, दोन वाक्यं पाठ केलेली, ती विसरले. मैनेची बाटली बदलता बदलता म्हटलं, "काशीभाऊ, मार्चच्या दाखल्यावर सही माझी आहे. मी तुमच्या घोड्या बघितल्या नव्हत्या."

त्यांना आधी कळेना. त्यांना वाटत होतं की दाखला म्हणजे सरकारी पावतीसारखं काहीतरी, त्यासाठी कुणी यायचं असतं हेच माहीत नव्हतं. मी समजावून सांगितलं. डॉक्टरने यायचं, घोडी चालवून बघायची, पाय दाबून बघायचे, मग सही.

त्यांनी मैनेच्या आयाळीतनं हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजे तू तवा येयाला पायजे होतीस."
"हो."
"तवाच तिचा पाय दुखाया लागलेला. पाडव्याचे आदल्या दिवशी. तू आली असतीस त मी दाखवला असता. कोन आला नाय म्हनून मी दुकानातना पावडर आनली."

पाडवा ३० मार्चला होता. दुसऱ्या दिवशी मी खोपटला बिस्किट खात होते.

मग त्यांचा आवाज चढला. मंगळवारी मी काय काय बोलले ते सगळं त्यांनी मला परत ऐकवलं, शब्द न् शब्द. चमकीचं, नाचवण्याचं. "आनि तू? कागदाव शिक्का मारून घरी बसलीस. निघ इथना. माझे दारात येव नको परत."

वहिनी मध्ये पडल्या नाहीत.

शिरेतली सुई तशी ठेवून जाता येईना, पिकली असती. ती काढेपर्यंत थांबू द्या म्हटलं. ते पाठ करून उभे राहिले. सुई काढली, जागा दाबून धरली, पाच मिनिटं. मैनेने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. तिला काय माहीत.


शनिवार, २६ एप्रिल

वहिनींचा फोन, हळू आवाजात. ते बाजारात गेलेत म्हणाल्या. "आता पानी कसा देयाचा ता सांग. बाटल्या त बंद झाल्या."

सांगितलं. ३६ लिटर पोटात गेलं पाहिजे, दिवसभरात. पाण्यात मीठ इतकं, कोंडा पातळ कालवून, वेगळी बादली साध्या पाण्याची. पाणी बदलत राहा. किती बादल्या संपल्या ते मला कळवा. रविवारपर्यंत बघू.

संध्याकाळी: "अडीच बालद्या." अडीच गुणिले पंधरा, साडेसदतीस. छान.

क्लिनिकमध्ये एका पॉमेरेनियनला सलाइन लावलं. चार किलो. १२० मिली. मालकीणबाईंनी तीनदा विचारलं, जास्त तर होत नाही ना. कुत्र्याच्या पंजाखाली ठेवायला घरून उशी आणलेली, तिला लेसची झालर. मला त्या झालरीकडे बघवेना. बाईंचा काही दोष नाही यात.


रविवार, २७ एप्रिल

पत्र लिहिलं. तीन मसुदे झाले. पहिल्यात सरांवर दोन परिच्छेद होते. वाचून किळस आली, स्वतःला वाचवायला म्हाताऱ्या माणसाला पुढे केल्यासारखं. दुसऱ्यात माझी एवढी माफी होती की तीही वाचवेना. तिसरा पाच ओळींचा. सहा घोड्यांच्या दाखल्यांवर मी तपासणी न करता सही केली. त्यांतली एक मी २१ तारखेला प्रथम पाहिली. तिच्या पायाला जुनी दुखापत होती. दाखल्यातलं वजन खोटं आहे. कारवाईस तयार आहे.

सकाळी अकराला नोटीस काढणाऱ्या ऑफिसला मेल केला. एक प्रत सरांना. त्यांना कळल्याशिवाय करावंसं वाटलं नाही.

नोंदणी जाईल का? सहा महिने, वर्ष, कायमची? माहीत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

मैना: अडीच बादल्या.


सोमवार, २८ एप्रिल

वहिनींचा फोन. "सुस्त हाय. मान खाली घालून हुबी. तू ये." मी विचारलं काशीभाऊंचं काय. "मी बोलावतंय तुला. माझीपन घोरी हाय ती."

गेले. काशीभाऊ कोपऱ्यात गवत फोडत होते. माझ्याकडे बघितलं नाही, हाकललंही नाही. रक्त घेतलं.

संध्याकाळी रिपोर्ट. ३.६.

वाढला. दोन दिवस दुप्पट पाणी पोटात जाऊन आकडा वर गेला, याचा अर्थ एकच. मूत्रपिंड धुऊन निघणारं नाही, मेलंय. पावडरीने मेलं, उन्हाने, त्या पिवळ्या बाटलीने. माझ्या शिक्क्याने.

वहिनींना आकडा नाही सांगितला. उद्या समोर सांगेन.


मंगळवार, २९ एप्रिल

नीट लिहायला हवं आज, क्रमाने.

सांगायला म्हणून गेले. वहिनी पाणी भरत होत्या. निळी प्लास्टिकची बादली, बाजूला १५ छापलेलं. माझं लक्ष नव्हतं, मी वाक्य जुळवत होते. त्या म्हणाल्या, "आता ही बालदी बदलाया पायजे. चीर गेलेय, अर्ध्याचे वर पानी ऱ्हात नाय."

मी म्हटलं, "कधीपासून?"
"गनपतीपासना."

बादली हातात घेतली. मधोमध जरा वर, उभी चीर. त्याच्यावर पाणी थांबतच नाही, गळून जातं. शनिवारपासून मी फोनवर अडीच बादल्या ऐकत होते आणि अडीच गुणिले पंधरा करत होते.

सलाइनच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यात ढिगाने पडलेल्या. एकेक भरून बादलीत ओतली. वहिनी मोजत होत्या. अठरा बाटल्यांना पाणी चिरेला लागलं. नऊ लिटर.

अडीच गुणिले नऊ. साडेबावीस. ३६ हवं होतं. तीन दिवस रोज साडेतेरा लिटर कमी. मैनेने काही चुकवलं नव्हतं. तिला दिलं तेवढं ती प्यायली होती.

तिथेच ओल्या जमिनीवर बसले मी. ३१ मार्चला घोडी न बघता कागदावर विश्वास ठेवला. आता बादली न बघता बादलीवर छापलेल्या आकड्यावर. पत्र लिहून स्वतःला फार शहाणी समजत होते दोन दिवस. इतका वीट आला स्वतःचा की रडूसुद्धा येईना.

वहिनींनी विचारलं, काय झाला. सांगितलं सगळं, कालचा आकडाही. त्या विचार करून म्हणाल्या, "म्हंजे तिचा बिघरला नसंल पन. पानीच कमी परला आसंल."

हो. तेही असू शकतं. मी इतकी स्वतःत बुडालेले की ते मला सुचायच्या आधी त्यांना सुचलं. मूत्रपिंड मेलं असं मी काल ठरवून टाकलं होतं, पण कालच्या आकड्याने तसं काहीच सिद्ध होत नाही. खरं दुप्पट पाणी मिळून दोन दिवसांनी काय येतं ते बघावं लागेल.

पुन्हा नळी घातली. सहा लिटर आता, सहा दुपारी. मैनेने मान उडवली तेव्हा काशीभाऊ उठून आले आणि न बोलता तिचं नाक धरलं. नळी बाहेर येईपर्यंत धरून होते. मग परत गवताकडे.

वहिनींनी हिशोब शिकवायला सांगितला. घेर, लांबी, सगळं. खाली मातीत काडीने करून दाखवलं. भागाकार त्यांनी माझ्याहून लवकर केला. सातवीपर्यंत शाळा झालेय, म्हणाल्या, गणितात पयला नंबर असायचा.


बुधवार, ३० एप्रिल

अक्षय तृतीया. रस्त्यावर सकाळपासून बँड. दोन ठिकाणी वरातीमागे थांबावं लागलं. एका घोडीच्या डोळ्यांवर फुलांच्या माळा अशा बांधलेल्या की तिला पुढचं दिसत नसेल. मी काच वर केली.

मैना काल एकूण ३८ लिटर, मोजून. आज मान वर. मूत स्वच्छ. रक्त सकाळी घेतलं, सुट्टीमुळे रिपोर्ट उद्या. ऑफिसकडून काही उत्तर नाही.

दुपारी दोनला मी अजून तबेल्यातच होते. काँट्रॅक्टरचा टेम्पो दारात, आत खोगिरं, झालरी. चार घोड्या न्यायच्या होत्या त्याला. काशीभाऊ दारात आडवे उभे. "डाक्तरना बघितल्याशिवाय एकबी जानार नाय," असं म्हणत होते. मला वाटलं माझ्याबद्दल बोलतायत. मागे बघितलं तर सर.

देवस्थळी सर, रिक्षाने आलेले. पांढरा हाफ शर्ट, पाठीला घामाचा मोठा डाग. माझ्याशी बोलले नाहीत. पहिल्या घोडीपाशी गेले, पुढचा पाय दोन्ही हातांनी वरून खाली दाबत आणला, खूर उचलून गुडघ्यावर घेतला. या वयात. खाली वाकताना तोंडातून आवाज निघाला त्यांच्या. सोनेरी रंग नखाने खरवडून बघितला, वास घेतला, तोंड वाकडं केलं. मग घोडी चालवायला सांगितली, मग परत पाय.

का आले? माझं पत्र वाचून लाज वाटली म्हणून, की आज तपासणी केली असं दाखवून मार्चचे कागद दुरुस्त करायचेत म्हणून? त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही कळलेलं नाही. तपासत मात्र नीट होते. मला शिकवलं तसंच, एकही पायरी न गाळता.

दुसऱ्या घोडीला म्हणाले, ही नाही जाणार. काँट्रॅक्टर काहीतरी बोलायला लागला, वहिनींनी त्याला टेम्पोजवळ जाऊन उभं राहायला सांगितलं. तो गेला.

तिसऱ्या घोडीचा खूर मांडीवर घेऊन सर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "अनुजा, पिशवीत कागद आहेत. मी सांगतो, तू लिही."

पिशवी उघडली. कोरे दाखले. वजनाचे रकाने रिकामे. टेप वहिनींकडे होता, त्या तोवर पहिल्या घोडीला लावून मोकळ्या झालेल्या.

पहिला कागद मांडीवर घेतला. मालकाचं नाव, घोडीचं नाव, रंग लिहिला. मग वर, उजव्या कोपऱ्यात आले.

"तारीख काय घालू, सर?"

त्यांनी खूर सावकाश खाली ठेवला. हात रुमालाला पुसले, एकेक बोट. काशीभाऊ दारातून वळून बघत होते, वहिनीही. मी पेन उघडून थांबले.